कॉम्प्युटर विहिरीपाशी बंद पडायचा

मी जवळजवळ तीन महिने रोज सकाळी कॉम्प्युटरला विभूती लावली. बाहेरून तीन बोटं ओढून थांबले असते तरी चाललं असतं. पण डब्याच्या बाजूला जी बारीक भोकं असतात त्यांतून उरलेली चिमूट आतही फुंकली, किरकिऱ्या लेकराच्या अंगावर फुंकतात तशी. शिवाय आतला पंखा कुरकुरतो म्हणून शिलाई मशीनच्या तेलाची लांब नळीची कुपी त्याच भोकांतून घालून दोन-दोन थेंब सोडले. आधी तेल, वर विभूती. बाई, हे काय करून राहिली, असं कुणी विचारलं असतं तर मी फार शहाण्यासारखं उत्तर दिलं असतं. मी तेव्हा तरुण होते. एकसष्ट वर्षांची.

त्या एकसष्ट वर्षांच्या बाईबद्दल मला आता फारसं प्रेम उरलेलं नाही. ती तीन वर्षं आधी दहावीच्या पोरींशेजारी बसून कॉम्प्युटरवरचं मराठी टायपिंग शिकली होती आणि मिळालेलं प्रमाणपत्र तिनं काच लावून बैठकीत टांगलं होतं. घरी कुणी आलं की आधी त्या काचेवरून पदर फिरवायची, मग पाणी विचारायची. वहीत लिहिणाऱ्यांची तिला कीव यायची. तिच्या मते कागद जळतो, भिजतो, ढिगाऱ्याखाली जातो. कॉम्प्युटरमध्ये घातलेलं मात्र कायमचं.

ढिगाऱ्याचं उगाच नाही म्हणत. माझ्या नवऱ्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात ते सगळं बसलं. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि उजाडायच्या आत गाव नव्हतं. आम्ही वाचलो ते अहमदपूरला होतो म्हणून. नवरा तिथं शाळेत शिकवायचा. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, हळूहळू मीही म्हणायला लागले. निवृत्तीनंतर आम्ही लातूरला आलो. गावातल्या जुन्या घरात सासूबाई एकट्या राहायच्या. भूकंपाच्या वर्षी त्या गणपतीला आमच्याकडं अहमदपूरला आल्या होत्या आणि शेवटाला तीन दिवस राहिले असताना म्हणाल्या की म्हैस माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही, मला घरी सोड. मी म्हटलं, राहा की आत्याबाई. पण ते तोंडदेखलं होतं. त्या गेल्या की दोन दिवस पाय पसरून बसेन, असं मनात चाललं होतं. गुरुजी त्यांना एसटीनं घेऊन गेले, दारात सोडलं, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं आम्ही दोघांनी त्या एसटीचं नाव काढलं नाही. भांडलो खूप, पण त्यावरून नाही.

मग गुरुजी विसरायला लागले. आधी चष्मा, मग चहा पिऊन झालाय हे, मग नातीचं नाव. हातही थरथरायला लागला, पेन धरता येईना. लातूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढत जाणार, यांना काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात नव्या गावातले चार लोक घरी आले. नवं गाव सरळ रेषेत वसवलेलं, घराला नंबर. तिथं वाढलेल्या पोरांना आपला आजा कुणाच्या शेजारी राहत होता हे माहीत नाही. गुरुजींनी जुन्या गावातली घरं ओळीनं सांगावीत, कोण कुठं राहायचं, घरात माणसं किती, असं त्यांचं म्हणणं होतं. सांगू शकणारी बाकीची म्हातारी माणसं संपली होती.

गुरुजी लगेच हो म्हणाले. मी तर काचेतल्या प्रमाणपत्राकडं बघत त्यांच्या आधीच हो म्हणाले.

रोज सकाळी पूजा आटोपली की दहाच्या सुमाराला आम्ही बसायचो. ते खुर्चीत डोळे मिटून, मी कॉम्प्युटरपुढं. त्यांची सांगायची एकच रीत. गावात शिरल्यासारखं वेशीतून आत जायचं. डाव्या हाताला दगडी हौद. त्याला लागून दोन भावांचं घर, एकाच्या दारात रेडिओ, दुसऱ्याच्या दारात त्या रेडिओवरून भांडण. पुढं बांगड्या भरणाऱ्या बाईचं घर. मग उंच उंबऱ्याचं घर, जिथं प्रत्येक जावई एकदा तरी पडलेला. नावं इथं देत नाही, ती फाईलमध्ये आहेत. असं करत महादेवाच्या देवळापर्यंत, देवळाच्या मागून विहिरीपर्यंत. विहीर ओलांडली की आमची गल्ली, आणि गल्लीतलं पहिलं घर आमचं. मी नवरी होऊन हदगावाहून त्याच घरात आले होते.

पहिल्या दिवशी विहिरीपर्यंत आलो आणि पडदा थिजला. बाण हलेना, अक्षर उमटेना. मी कळा दाबल्या, मग आपटल्या. बटन दाबून बंद करून पुन्हा चालू केला तर फाईल कोरी. चाळीसेक घरं गेली. मधेमधे जतन करायचं असतं हे मला शिकवलं होतं, प्रमाणपत्रही त्याचंच होतं, पण सांगणाऱ्याच्या नादात मी विसरले. विसरायचा आजार त्यांना होता म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक घरानंतर जतन करायला लागले. तरी काही उपयोग होईना, कारण कॉम्प्युटर पुन्हा बंद पडायचा आणि गुरुजींना मधूनच सुरू करता यायचं नाही. मी शेवटचं लिहिलेलं घर वाचून दाखवून म्हणायची, हं, याच्या पुढचं सांगा. ते गोंधळायचे, बोटांनी हवेत चाचपायचे. एकदा म्हणाले, "मधूनच कसा घुसू? लोक म्हणतील, मास्तर भिंतीवरून आला." मग पुन्हा वेस, हौद, रेडिओ. लिहून झालेल्या घरांना मी नुसती बोटं नाचवायची आणि नव्या घराची वाट बघायची. आणि नवं घर यायच्या सुमाराला पडदा थिजायचा. कधी विहिरीच्या अलीकडं, कधी अगदी काठावर. कधी निळा पडदा येऊन इंग्रजीत काहीतरी बजावायचा, कधी सरळ अंधार. आमची गल्ली काही यायची नाही.

त्यात रोज थोडं थोडं कमी व्हायचं. बांगड्या भरणाऱ्या बाईला चार लेकी होत्या त्या एका सकाळी तीन झाल्या. मी म्हटलं, चौथी? ते म्हणाले, चौथी कुठली. मी फाईलमधली चौथी तशीच ठेवली आणि थोड्या वेळानं विहिरीपाशी पडदा गेला. असं समोर गळताना बघायचं आणि डब्याला थोबाडीत मारायची, एवढंच हातात होतं.

उपाय मी सगळे केले. वायरमन आला, म्हणाला वीज कमी-जास्त होते, स्टॅबिलायझर बसवा. बसवला. दोन दिवस बरा चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा विहीर. मुलगा पुण्याला, त्यानं फोनवरून व्हायरस काढायला लावले. वीस मिनिटं काहीतरी सरकत राहिलं, शेवटी कळलं की व्हायरस एकही नाही. मला वाईट वाटलं, असता तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, आई, डबा उघडून आतली रॅमची पट्टी काढ आणि तिचे पिवळे दात खोडरबरनं घास. मी नातीच्या, सुट्टीत इथंच विसरलेल्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन पट्टी अशी घासली, की जणू तांब्याचं भांडं चिंचेनं घासते आहे. पुन्हा एक दिवस बरा. प्रत्येक उपायानंतर तो एखादा दिवस चालायचा, कारण त्या दिवशी मी त्याला जपून दहा-पंधरा मिनिटांतच बंद करायची आणि तो तापायचाच नाही. हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे.

विभूती त्यात कुठून आली? माझी थोरली बहीण नांदेडला असते. तिला फोनवर रडगाणं ऐकवलं तर ती म्हणाली, मठातून आणलेला विभूतीचा गोळा पाठवते, माझ्या सुनेचा मिक्सर त्यानं सुरू झाला. मिक्सरला नंतर नवीन मोटर बसवली होती हे तिनं वर्षभरानं सांगितलं. आमच्या घरात दुखलंखुपलं की आधी कपाळाला विभूती, मग डॉक्टर. लेकराला ताप, विभूती. नवीन मोटरसायकल, विभूती. मग कॉम्प्युटरनं काय घोडं मारलं होतं? पहिला बिघाड साधाच असावा, लातूरच्या धुळीचा आणि उन्हाचा. पुढचा सगळा माझा. तो जितका जास्त बंद पडायचा तितकी मी जास्त फुंकायची, आणि मी जितकी जास्त फुंकायची तितका तो लवकर बंद पडायचा.

औसा रोडकडच्या एका गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. ते घरी आले, समोर बसले, वीस मिनिटं बघत राहिले. कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालला. चहा पिऊन निघाले आणि फाटकाची कडी लावली तोवर पडदा थिजलेला. दुसऱ्या खेपेलाही तेच. मग त्यांनी मला वही करायला सांगितली. किती वाजता चालू केला, किती वाजता बंद पडला, आणि त्या वेळी काय करत होता, रोज लिहायचं.

मी लिहिलं. पण मी मीच असल्यामुळं चौथा रकाना स्वतःच्या मनानं आखला, कुठल्या घरापाशी बंद पडला त्याचा. पंधरा दिवसांनी तो रकाना मी वरून खाली वाचला. विहीर. विहिरीच्या दोन घरं अलीकडं. विहीर. देवळाची मागची भिंत. विहीर. त्या विहिरीच्या काठावरच्या घरात भूकंपात सातही माणसं गेली होती. मी ठरवून टाकलं की तीच माणसं पुढं जाऊ देत नाहीत. गुरुजींना सांगितलं नाही, पण विभूतीची चिमूट मोठी केली आणि त्या सात जणांना मनातल्या मनात हात जोडले. सांगताना आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. ज्यांचं नाव लिहायला निघालो तेच नको म्हणतात, असं वाटणं फार वाईट.

दुरुस्तीवाल्यांनी वही चाळली. चौथ्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं हे काय. मी सांगितलं, तेही अगदी हळू आवाजात. ते हसले नाहीत. त्यांचेही कुणी तिकडं गेले असावेत. एवढंच म्हणाले, की घरं सोडा, घड्याळ बघा. उद्या गुरुजींना बसवू नका, नुसता पत्त्यांचा खेळ लावून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी पत्ते लावले. गुरुजी आत झोपलेले, वेस नाही, हौद नाही. सत्तावीस मिनिटांनी बदामची राणी अर्ध्या हवेत थिजली. मी वहीत लिहिलं, सत्तावीस. मागची पानं काढली. तीस, अठ्ठावीस, एकतीस, अलीकडं पंचवीस, सव्वीस. चालू होऊन अर्धा तास झाला की तो जायचा. गुरुजींना वेशीपासून विहिरीपर्यंत यायला अर्धा तास लागायचा. सात जणांचा काही संबंध नव्हता. मी खुर्चीत बसून त्यांची माफी मागितली आणि नंतर इतकं हसले की गुरुजी उठून आले.

अलीकडच्या दिवसांतली एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येऊनही कळली नव्हती. गुरुजी वेशीपाशी फार रेंगाळायला लागले होते. हौदाचं पाणी, रेडिओवरची गाणी, जावयांची पडापडी, तेच तेच पुन्हा. मला वाटलं, आजार वाढला.

दुरुस्तीवाल्यांनी डबा दुकानात नेऊन माझ्यासमोर उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांवर आणि त्याच्याखालच्या जाळीवर राखाडी लगदा बसला होता, घट्ट, मळलेल्या कणकेसारखा. हवा जायला सुईएवढी फट नाही. त्यांनी बोटानं थोडा काढला, वास घेतला, आणि माझ्याकडं बघितलं. "अम्मा, इसमें क्या रोटी पकाते थे?"

मी खरं ते सांगितलं. तेलाचंही सांगितलं. डबा गरम होतो, पंख्यानं गार करायचा असतो, पंखाच मी लिंपून टाकला, तापला की तो जीव वाचवायला स्वतः बंद पडतो, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. ब्रशनं सगळं खरवडलं, पंखा नवीन घातला, आणि मग एका छोट्या नळीतून पांढरा मलम काढून आतल्या चौकोनी तुकड्यावर बोटानं लावला. मी म्हटलं, तुम्ही पण लावताच की. ते म्हणाले, "मी जिथं लावायचं तिथं लावतो अम्मा. तुमचं बाहेरून राहू द्या, आत नको." तेव्हापासून मी बाहेरून लावते.

त्या दिवशी संध्याकाळी मी दोन तास पत्ते खेळले. एकही पान थिजलं नाही. मला एवढा आनंद झाला की बहिणीला फोन लावून तिच्या मठाचा उद्धार केला.

गुरुजी दीड वर्षानं गेले. ती फाईल माझ्याकडं आहे. नव्या गावच्या लोकांना छापून दिली, त्यांनी ती ग्रामपंचायतीत ठेवली आहे. विहिरीच्या काठावरच्या घरातल्या सातव्या माणसाच्या नावापाशी ती संपते. पुढच्या गल्लीबद्दल लोक मला विचारतात, तुम्ही तर तिथंच नांदलात, तुम्ही लिहा. मी म्हणते, बघू. बसलेही एकदोनदा. कॉम्प्युटर आता नवा आहे, बंद पडत नाही.

दुरुस्तीनंतरच्या सकाळी आम्ही पुन्हा दहाला बसलो. मी वही काढून घड्याळ समोर ठेवलं. गुरुजींनी डोळे मिटले. वेस, हौद. हौदापाशी त्यांनी बराच वेळ घातला. रेडिओ तीनदा वाजला. देवळापर्यंत आलो तेव्हाच अर्धा तास उलटून गेला होता आणि पंखा मऊ आवाजात फिरत होता. मी मनात मिनिटं मोजत होते, त्यांच्याकडं माझं लक्षच नव्हतं. विहीर आली. काठावरचं घर आलं. सात नावं त्यांनी एकेक करून सांगितली, एकही न चुकता. मी जतन केलं आणि म्हटलं, हं, पुढं.

त्यांचे डोळे मिटलेलेच.

मी पुन्हा म्हटलं, चला की, विहीर ओलांडा. त्यांनी डोळे उघडून पडद्याकडं बघितलं आणि विचारलं, बंद पडला का. मी म्हटलं, नाही पडला, आता नाही पडायचा. ते म्हणाले, नीट बघ, पडला आसंल. मी बाण इकडून तिकडं फिरवून दाखवला, एक अक्षर टाईप करून पुसून दाखवलं. त्यांनी मान फिरवली.

तेव्हा एकसष्ट वर्षांच्या त्या बाईनं तोंड सोडलं. तीन महिने हा डबा अडत होता तर रोज डब्याला शिव्या, आणि आता डबा चालून राहिला तर तुम्ही अडून बसले, मी काय नुसती बोटं बडवायला बसले का इथं, अजून किती दिवस आठवणार आहे तुम्हाला. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ते माझ्या तोंडून जोरात निघालं, आणि माझा हात तसाच कळांवर राहिला.

गुरुजी खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी थरथरता हात माझ्या हातावर ठेवला, कळांवरून माझी बोटं उचलून मांडीवर ठेवली, आणि म्हणाले,

"तो बंद पडायचा ना, तवा मला लई बरं वाटायचं गं. पुढच्या दारात आई उभी हाय. तिला मीच सोडून आलोय."